विंगेतली लढाई खेळाडूच्या हातात : युद्धनाटकावरून 'आर्मा ३'ची मिशनं बांधताना

युद्धावरच्या नाटकात लढाई बहुधा दिसत नाही, ऐकू येते. रंगमंचावर गोणपाटाच्या पोत्यांचा मोर्चा, एक कंदील, निळा प्रकाश. विंगेत धडाका होतो, दिवे लुकलुकतात, आणि कुणीतरी धापा टाकत येऊन सांगतं की वळणावरची माणसं गेली. प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे असतात ती माणसं आणि त्यांची वाट बघणं.

'आर्मा ३'सारख्या कॉम्प्युटरवरच्या लष्करी गेममध्ये हे सगळं उलटं होतं. विंगेत घडलेलं मिशन, म्हणजे खेळाडूनं पार पाडायची कामगिरी, बनतं, आणि रंगमंचावर घडलेल्यातलं बरंचसं वायरलेसवरच्या चार वाक्यांत बसवावं लागतं. ही उलथापालथ म्हणजेच रूपांतर. नाटकाचे संवाद उचलून जसेच्या तसे गेममध्ये घातले, तर खेळाडू दहा मिनिटं उभ्या उभ्या भाषणं ऐकत राहतो आणि बंदूक हातात येण्याआधीच गेम बंद करतो.

सांगली-साताऱ्याकडे या कामाला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी आहेत. हौशी संस्थांच्या आणि कॉलेजांच्या कपाटांत युद्धावरच्या एकांकिकांच्या संहिता पडून आहेत, आणि त्याच घरांतली मुलं 'आर्मा ३' खेळतात. बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा हा गेम २०१३ साली आला. २०१६ पासून त्यात मिशन बांधायचं साधन, 'ईडन एडिटर', आहे. तो गेमबरोबरच मिळतो, आणि त्यातलं बहुतेक काम प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही जमतं.

पुढचं सगळं एका नमुन्याच्या नाटकावर समजावून घेऊ. दोन अंक, एक नदी, एक पूल, हवालदाराच्या हाताखालची १० जणांची सेक्शन. पहिल्या अंकात संध्याकाळ, घरची पत्रं, वायरलेस बंद पडणं आणि 'उजाडेपर्यंत पूल धरायचा' हा हुकूम. दुसऱ्या अंकात हल्ला, जखमी नाईक, पूल उडवणं, माघार.

लिहिण्याआधी परवानगी

प्रयोगाची परवानगी असली म्हणजे रूपांतराची असते असं नाही. हे दोन वेगळे हक्क आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात, आणि ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. उदाहरणार्थ, सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणून त्यांची नाटकं २००९ पासून सर्वांना खुली आहेत. हयात लेखकाकडून किंवा वारसांकडून लेखी परवानगी घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा : मिशन स्टीम वर्कशॉपवर (खेळाडूंनी बनवलेली मिशनं जिथून उतरवून घेतात ती ऑनलाइन जागा) फुकट दिलं जाईल, कथेत बदल होतील, आणि खेळाडूच्या वागण्यामुळे शेवट निराळा होऊ शकेल. तिसरी गोष्ट लेखकाला आधी सांगितली नाही तर पुढे वाद होतात. आवाज देणाऱ्या नटांचीही अशीच लेखी संमती घ्या.

संहिता तीनदा वाचायची

पहिल्या वाचनात फक्त क्रियापदांखाली रेघ मारायची. जातो, आणतो, मोजतो, तोडतो, उचलतो, लपतो, थांबतो : यांची मिशनं होतात. आठवतो, शपथ घेतो, पश्चात्ताप करतो : यांची होत नाहीत. ही दुसरी यादी फेकून देऊ नका, आवाज आणि शांतता ठरवताना ती लागते.

दुसऱ्या वाचनात विंग शोधायची. बाहेर काय झालं हे ज्या ज्या ठिकाणी कुणी आत येऊन सांगतं, ते वाक्य वहीत उतरवा आणि पुढे लिहा : कुणी पाहिलं, कुठं, किती अंतरावर, किती वाजता.

तिसऱ्या वाचनात घड्याळ. नाटकात 'तीन तास उलटले' हे एका ब्लॅकआउटमध्ये होतं. प्रत्येक प्रवेशाला घड्याळाची वेळ लावा. दोन प्रवेशांमधल्या रिकाम्या जागांतच सर्वांत चांगली मिशनं सापडतात, कारण तिथं लेखकानं काहीच लिहिलेलं नसतं आणि तुम्हालाही संवादांचं ओझं नसतं.

दुसऱ्या वाचनातून काय हाती लागतं, ते एका भाषणावर दाखवतो. आपल्या नमुन्यात निरोप्या शिपाई आत येतो आणि म्हणतो, "वड्याच्या वळणापातुर आल्यात, साहेब. वीस-पंचवीस असतील. मागनं अजून टॉर्च चमकत्यात." रंगमंचावर हे दहा सेकंदांत संपतं. यात जागा आहे, ओढ्याचं वळण. संख्या आहे, आणि ती नक्की नाही. दिशा आहे, आणि एक दृश्य आहे : अंधारात चमकणारे टॉर्च. याचं मिशन असं : खेळाडूनं चौकीतून निघून ४५० मीटरवरच्या वळणापाशी झुडपात पडून राहायचं, गोळी झाडायची नाही, माणसं मोजायची आणि परत यायचं. परतल्यावर हवालदारासमोर अ‍ॅक्शन मेन्यूत तीन पर्याय येतात : 'दहा-बारा', 'वीस-पंचवीस', 'सांगता येत नाही, साहेब'. जे सांगाल तशी हवालदार माणसं लावतो. कमी सांगितलं तर ओढ्याच्या बाजूला दोनच जण राहतात, आणि पुढच्या तासात त्याची किंमत कळते. नाटकातल्या त्या एका ओळीतला सगळा ताण, म्हणजे 'मी नीट पाहिलं का?', इथं खेळाडूच्या अंगावर येतो. इथं थोडी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रॅमच्या काही ओळी, लागते, आणि ती शिकून घेण्यासारखी आहे.

खेळाडू कोण?

बहुतेक जण नायकाला खेळाडू करतात आणि तिथंच फसतात. नाटकाचा नायक म्हणजे इथं हवालदार. तो बोलतो, निर्णय घेतो, पण जागेवरून हलत नाही, कारण नेपथ्य एकच असतं. शिवाय त्याचे निर्णय लेखकानं आधीच घेतलेले आहेत. खेळाडूच्या हातात हवालदार दिला, की खेळाडू दुसरंच काही ठरवतो आणि नाटक मोडतं.

खेळाडू करा तो निरोप्याला, वर्दी घेऊन धावणाऱ्याला. संहितेत त्याच्या वाट्याला जेमतेम पाच एंट्र्या असतात, पण प्रत्येक एंट्रीआधी तो विंगेत होता, म्हणजे लढाईत होता. हे काही ओढून-ताणून आणलेलं पात्र नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी कंपनीचे रनर म्हणूनच होते. त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून बाहेर काढलं. हात जायबंदी होऊन टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ग्रेनेड फेकून मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रनरच्या कामात केवढं नाट्य असतं, हे त्यावरून समजावं.

खेळाडूला काय लिहून द्यायचं आणि काय नाही, याचं उत्तर सांगलीच्या रंगभूमीनंच देऊन ठेवलंय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं जे प्रयोग सुरू केले, त्यांना लोक 'खेळ'च म्हणत. त्यात पदं लिहिलेली असत आणि ती सूत्रधार म्हणायचा. मधली भाषणं पात्रांनी प्रसंग ओळखून आयत्या वेळी करायची. मिशन तसंच बांधा. पदं म्हणजे तुमचे हुकूम, वायरलेस, स्फोट आणि उजाडणं, ती पक्की लिहा. मधलं खेळाडूवर सोडा. त्यानं संहिता वाचलेली नाही आणि वाचणारही नाही, पण प्रसंग त्याला कळतो.

मिशनं किती, जागा कोणती

दोन अंकी नाटकाची चार मिशनं पुरतात, प्रत्येक १५ ते २५ मिनिटांचं. नमुन्यात : संध्याकाळची गस्त, ओढ्यावरची टेहळणी, वायरलेस बंद पडल्यावर १,२०० मीटर मागच्या कंपनीच्या ठाण्याकडे निरोप, आणि हल्ला-पूल-माघार. चौथं मोठं होतं, होऊ द्या. चारही एकाच फाइलमध्ये कोंबू नका. प्रत्येक चाचणीला पहिल्यापासून खेळत बसावं लागतं आणि दोन दिवसांत उत्साह संपतो. वेगळ्या फाइलींत गोळ्यांचा हिशेब आपोआप पुढच्या मिशनमध्ये जात नाही, म्हणून प्रत्येक मिशनच्या सुरुवातीचं सामान हातानं ठरवा.

पहिलं मिशन टाळायचा मोह होतो, कारण त्यात गोळी सुटत नाही. टाळू नका. चौथ्या मिशनमध्ये खेळाडू अंधारात माघार घेणार आहे. त्याला पायवाट, विहीर, पडकी भिंत ठाऊक असायला हवी, आणि ती उजेडातच ठाऊक होते.

जागेचं बोलायचं तर अल्टिस हा नकाशा २७० चौरस किलोमीटरचा, ग्रीसच्या लेमनोस बेटावर बेतलेला. उघडे माळ, दगडी बांध, खुरटी झाडी. माण-खटावकडच्या माणसाला तो परका वाटणार नाही. स्ट्रॅटिस २० चौरस किलोमीटरचा, छोट्या मिशनला सोयीचा. हे दोन्ही मूळ गेममध्येच आहेत. झाडी आणि नदी हवी तर लिव्होनिया, पण तो 'काँटॅक्ट' या विकतच्या भागाबरोबर येतो, म्हणजे तुमचे निम्मे खेळाडू बाहेर राहतील. नाटकातली नदी अल्टिसवर कोरडा ओढा झाली तरी चालतं. तिथं पूल तेवढा आवर्जून शोधा.

अंतर नकाशावर मोजण्यापेक्षा चालून बघा. पळणारा सैनिक १०० मीटर साधारण २५ सेकंदांत कापतो. म्हणजे १,२०० मीटरला पाच मिनिटं, आणि दबकत गेलं तर दुप्पट. वाटेत काहीच नसेल तर पाच मिनिटं फार होतात. प्रत्येक २००-२५० मीटरवर काहीतरी ठेवा : रस्ता ओलांडायची जागा, कुत्र्याचं भुंकणं, लांबचा गोळीबार. आवाजाबद्दल एक चांगली गोष्ट अशी, की या गेममध्ये आवाज प्रवास करून येतो. पूल ३५० मीटरवरून उडवला तर आधी उजेड दिसतो आणि साधारण एका सेकंदानं धडाका ऐकू येतो. रंगमंचावर दिवे आणि ध्वनी जुळवण्यासाठी जी तालीम करावी लागते, ती इथं फुकट मिळते.

तारीख-वेळ एन्व्हायर्नमेंटच्या सेटिंगमध्ये ठरते, आणि चंद्र तारखेप्रमाणे उगवतो. टेहळणीसाठी अमावस्येची रात्र घेतली तर खेळाडूला काहीच दिसत नाही आणि तो स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवून खेळतो. सप्तमी-अष्टमीचा चंद्र ठेवा.

एडिटरमधला क्रम

फोल्डरचं नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. ध्वनिफितींना आणि चित्रांनाही हाच नियम. देवनागरी नावाच्या फाइली तुमच्या मशीनवर चालतील आणि दुसऱ्याकडे सापडणार नाहीत.

मग या क्रमानं जा. आधी खेळाडू आणि सेक्शन. त्यानंतर 'क्रिएट टास्क' मॉड्यूल (खेळाडूला काम नेमून देणारा एडिटरमधला तयार भाग) ठेवून ते खेळाडूशी सिंक करा, म्हणजे जोडा. 'सेट टास्क स्टेट' मॉड्यूल त्या टास्कशी आणि ट्रिगरशी जोडा. एवढ्या तीन गोष्टींवर 'वळणावर पोहोच', 'परत ये' ही साखळी तयार होते. शत्रू सगळ्यांत शेवटी ठेवा. शत्रू आधी ठेवले की प्रत्येक चाचणीत मरता, आणि साखळी नीट चालते की नाही हे कळतच नाही.

ट्रिगर म्हणजे विंगेत उभा असलेला माणूस, जो वेळ झाली की पात्राला आत ढकलतो. त्याची अट गेम दर अर्ध्या सेकंदाला तपासतो. टायमरमध्ये दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक न कळल्यानं निम्मी मिशनं बिघडतात. 'काउंटडाउन'मध्ये अट एकदा पूर्ण झाली की वेळ सुरू होते आणि खेळाडू तिथून निघून गेला तरी घटना घडते. 'टाइमआउट'मध्ये तेवढा वेळ अट सलग पूर्ण राहावी लागते. वळणावर ९० सेकंद पडून माणसं मोजायची असतील तर टाइमआउट. पुलावर पाऊल पडल्यावर तोफगोळा यायचाच असेल तर काउंटडाउन. वेळेचे किमान, मधला आणि कमाल असे तीन आकडे देता येतात. ते ४०, ५५, ९० असे वेगवेगळे ठेवा. दर वेळी ठरलेल्या सेकंदाला गोळा पडू लागला की दुसऱ्यांदा खेळणारा आधीच आडोशाला जाऊन बसतो.

'शत्रू उरला नाही' या अटीचा ट्रिगर दोन प्रकारे दगा देतो. शत्रू उशिरा प्रकट होणार असतील, तर सुरुवातीला तिथं कुणीच नसतं, अट लगेच पूर्ण होते आणि मिशन सुरू होताच 'हल्ला परतवला' असा निरोप येतो. म्हणून तो ट्रिगर हल्ला सुरू झाल्याच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवा. दुसरं म्हणजे २० पैकी एक जण घाबरून पळतो आणि ट्रिगरच्या क्षेत्रातल्याच एखाद्या पडक्या घरात बसतो. मग खेळाडू अर्धा तास त्याला शोधत फिरतो. 'तीनपेक्षा कमी उरले' अशी अट लावा.

चार-आठ मित्रांनी मिळून खेळायचं मिशन असेल तर प्रत्येक ट्रिगरवर 'सर्व्हर ओन्ली'ची खूण आहे का ते बघा. ट्रिगर प्रत्येकाच्या मशीनवर चालतो. शत्रू उभे करणारी स्क्रिप्ट त्याला जोडली असेल आणि खूण नसेल, तर आठ खेळाडूंसाठी तीच तुकडी आठदा उभी राहते.

हल्लेखोरांना चालवायचं असेल तर सुरुवातीच्या जागी 'होल्ड' वेपॉइंट (तुकडीच्या वाटेवरचा थांबायचा टप्पा) द्या आणि 'स्किप वेपॉइंट' प्रकारच्या ट्रिगरनं त्यांना पुढे सोडा. नाटकात 'शे-दोनशे आले' म्हणतात. गेममध्ये एका वेळी ५०-६० जण जिवंत असले तरी पुष्कळ झालं, त्यापुढे साध्या कॉम्प्युटरवर चित्र अडखळू लागतं. १२, १६ आणि २० जणांच्या तीन लाटा करा. लांबच्या बाजूला ट्रकचे आवाज आणि फ्लेअर ठेवले की संख्या आपोआप मोठी वाटते, आणि हे तंत्र तुम्हा नाटकवाल्यांना नवं नाही. भार कमी करायला 'डायनॅमिक सिम्युलेशन' वापरतात, पण लाटांवर ते लावू नका. खेळाडू ठरावीक अंतरात, साधारण ५०० मीटरच्या आत, आल्याशिवाय अशी तुकडी गोठलेलीच राहते. ९०० मीटरवरून निघायची लाट तिथंच उभी असते आणि तुम्ही ट्रिगरमध्ये चूक शोधत बसता. आजूबाजूच्या गावात ठेवलेल्या माणसांना मात्र ते जरूर लावा.

गोळ्या, पट्ट्या आणि जखमी नाईक

दुसऱ्या अंकात 'माणशी एकच मॅगझिन उरलंय' असं वाक्य आहे. त्याप्रमाणे सामान कमी केलं तरी पहिल्या लाटेनंतर खेळाडू मेलेल्या शत्रूची रायफल उचलतो आणि टंचाई संपते. काही जण शत्रूची शस्त्रं अदृश्य करतात. ते चुकीचं वाटतं, कारण खेळाडूला डोळ्यांनी दिसतं की त्याला फसवलंय. त्यापेक्षा लाट १५० मीटरवर उघड्या माळावर थोपेल अशी जागा निवडा. गोळ्या तिकडे आहेत, आणायला कोण जाणार? नाटकात असा प्रवेश नव्हता, पण त्याच माणसांचा, त्याच रात्रीचा तो आहे. लेखकाला हा प्रवेश सांगून बघा, बहुतेकांना तो आवडेल.

जखमी नाईकाचा प्रवेश हमखास बिघडतो. तुम्ही त्याला जखमी करून निजवता, आणि सेक्शनमधला वैद्यक शिपाई, ज्याच्याकडे मेडिकिट असतं, जाऊन त्याला ठणठणीत बरा करतो. मेडिकिट असलेला माणूसच त्या मिशनमध्ये ठेवू नका. साध्या फर्स्ट एड किटनंही नाईक बराचसा उभा राहतो, म्हणून तीही मोजून द्या आणि नाईकाची हालचाल बंद करून त्याला अ‍ॅनिमेशनवर ठेवा. जखमीला खांद्यावर उचलून न्यायचं असेल तर 'एस' हा मॉड, म्हणजे गेमला वरून जोडायचा भाग, लागतो. मॉड लावला की तो प्रत्येक खेळाडूनं उतरवून घ्यावा लागतो. नाटकात उचलून नेणं हाच गाभा असेल तर लावा, नाहीतर स्ट्रेचरच्या जागेपर्यंत सोबत जाण्यावर भागवा.

मरण लिहिलेलं असतं तेव्हा

नाईक मरतो, तो मेल्याशिवाय नाटक नाही. पण खेळाडूनं जिवाचं रान करून त्याला वाचवलं आणि तरीही पडद्यावर काळोख करून 'नाईक गेला' असं दाखवलं, तर खेळाडूला दुःख होत नाही, राग येतो. त्याच्या हातातलं काढून घेतलेलं असतं.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला : मरण खेळाडूच्या हाताबाहेरच्या जागी घडू द्या. तो १,२०० मीटरवर निरोप पोहोचवायला गेलेला असताना मागे हल्ला होतो. त्याला लांबून धडाके ऐकू येतात, तो परत धावतो, आणि पोचतो तेव्हा नाईकाच्या जागी हेल्मेट आणि न फोडलेलं पत्र असतं. आमच्या मते नाटकाच्या सर्वांत जवळ जाणारा मार्ग हाच, कारण इथं खेळाडू प्रेक्षकासारखा विंगेतलं ऐकतो. दुसरा : नाईक वाचू शकतो, पण त्याला वाचवायला थांबलात तर पूल उडवायची वेळ चुकते. मग शेवट दोन होतात आणि दोन्हींसाठी संवाद ध्वनिमुद्रित करावे लागतात. वेळ असेल तरच या वाटेला जा.

महत्त्वाचं पात्र आधीच मरू नये म्हणून 'एनेबल डॅमेज'ची खूण काढतात. मग खेळाडूला दिसतं की हवालदाराला पाच गोळ्या लागल्या आणि तो उभाच आहे. त्यापेक्षा हवालदाराला खंदकात, गोळीच्या रेषेबाहेर ठेवा, आणि नाटकात असतात तसे बदली नट तयार ठेवा. हवालदार पडला तर पुलाचा हुकूम लान्स नाईकाच्या आवाजात आला पाहिजे. म्हणजे जरूर त्या सात-आठ वाक्यांचं मुद्रण दोन आवाजांत करायचं.

आवाज आणि अक्षरं

लढाईच्या मधे आलेलं वाक्य सात सेकंदांपेक्षा, म्हणजे साधारण १५ शब्दांपेक्षा मोठं नको. त्यातलीही कामाची माहिती टास्कच्या मजकुरात पुन्हा हवी, कारण गोळीबारात ऐकू जात नाही.

सांगलीकडच्या नटांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायला तयार झालेला असतो. माइकसमोर तो फेकलेला आवाज खोटा वाटतो. माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर ठेवा आणि नटाला सांगा, 'शेजारच्या खंदकातल्या माणसाला ऐकू जाईल एवढंच बोला.' खोलीत चारही बाजूंना गोधड्या टांगा, पंखा बंद करा. प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल, मोनो, ४४.१ किलोहर्ट्‌झ, ओजीजी प्रकारची. स्टिरिओ फाइल दिली तर आवाज पात्राच्या तोंडातून न येता डोक्याच्या दोन्ही बाजूंनी येतो. वायरलेसच्या वाक्यांना ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३०० हर्ट्‌झच्या खालचा आणि ३,४०० हर्ट्‌झच्या वरचा भाग कापा, लगेच वायरलेस वाटतो.

बोली बदलू नका. 'पातुर' आणि 'चमकत्यात' हे शब्द पुस्तकी करून टाकले, की ती माणसं साताऱ्याची राहत नाहीत.

आता एक अडचण आधीच माहीत असलेली बरी : गेमच्या फाँटमध्ये देवनागरी नाही. मराठी सबटायटल टाकलंत तर चौकोन दिसतात. टास्कची नावं आणि सबटायटलं रोमन लिपीतल्या मराठीत द्या. पत्र, हुकूमनामा, मिशनआधीची माहिती असा मोठा मजकूर देवनागरीत लिहून त्याचं चित्र करा. चित्राची रुंदी-उंची ५१२, १,०२४, २,०४८ अशाच मापात हवी, नाहीतर ते नीट दिसत नाही. घरचं पत्र तर खरोखर कागदावर बॉलपेननं लिहून त्याचा फोटो घ्या. छापील अक्षरापेक्षा ते शंभर पटींनी चांगलं दिसतं.

रंगीत तालीम

पहिली चाचणी तुमची, दुसरी नाटक न वाचलेल्या मुलाची. त्याच्या शेजारी बसा आणि एक शब्दही बोलू नका. तो कुठे थांबतो, कुठे उलट्या दिशेनं जातो, ते वेळेसकट लिहा. दोन मिनिटं भटकला तर ती तुमच्या टास्कच्या मजकुराची चूक.

तिसरी चाचणी निवृत्त फौजीची. सातारा जिल्ह्यात असा माणूस शोधावा लागत नाही. त्यांना गेम खेळायला लावू नका, स्क्रीनवर दाखवा आणि विचारा : हा हुकूम असा देतात का, रात्री माणसं एवढी जवळ बसवतात का, वायरलेसवर हे वाक्य कसं म्हणतात. त्यांनी पाहिलेल्या लढाया आणि गमावलेले सोबती यांविषयी तुम्ही होऊन विचारायचं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा मुलखात मिशन बांधताना खऱ्या शहिदांची नावं पात्रांना द्यायची नाहीत, आणि खऱ्या पलटणीचं चिन्ह किंवा आजच्या खऱ्या चौकीचा नकाशाही वापरायचा नाही.

चौथी चाचणी सेव्हची. प्रत्येक चेकपॉइंटवरून, म्हणजे गेम जिथं साठवला जातो त्या जागेवरून, गेम परत उघडून पुढे खेळून बघा. चेकपॉइंट गोळीबार सुरू होण्याआधी ठेवा. मध्ये ठेवलात तर खेळाडू मरणाच्या एक सेकंद आधीच्या जागी पुन्हा पुन्हा उठतो.

हे झालं की ईडनमधूनच वर्कशॉपवर चढवा. चारही मिशनांच्या नावांत क्रमांक घाला आणि वर्णनात मूळ लेखकाचं नाव सर्वांत वर द्या. न बांधलेलं मूळ फोल्डर पेनड्राइव्हवर वेगळं ठेवा. पहिल्या आठवड्यात कुणीतरी पुलाखालून पलीकडे जाऊन मिशन मोडल्याचं कळवणारच आहे, आणि दुरुस्ती त्या फोल्डरमधूनच करावी लागते.